लघुलिपीची निवड आणि लेखकाचें इमान

ठाण्याच्या वर्तकनगर भागांत आम्ही राहतों. म्हाडाच्या जुन्या वसाहतींतील एकाच जिन्यावर सकाळच्या प्रहरीं मराठी, हिंदी, गुजराती, मल्याळी अशा चारपांच भाषा कानीं पडाव्या, आणि त्याचें कोणासच कांहीं नवल वाटूं नये, अशी इथली वस्ती आहे. आमच्या शेजारची एक मुलगी सध्यां लघुलेखनाच्या परीक्षेची तयारी करीत आहे. आपल्या राज्यांत सरकारी नोकरींत लघुटंकलेखकास मिनिटाला ८०, निम्नश्रेणी लघुलेखकास १०० व उच्चश्रेणी लघुलेखकास १२० शब्द उतरून घेतां यावे लागतात. त्यांपैकीं मधला टप्पा गांठण्याचा तिचा निश्चय आहे. घरीं मराठी, रस्त्यावर हिंदी व कचेरींत इंग्रजी अशी तिची त्रिस्थळी यात्रा असल्यामुळें तिनें एके दिवशीं आम्हांस विचारलें, "काका, तिन्ही भाषांना मिळून एकच शॉर्टहँड धरूं, कीं प्रत्येकीसाठीं निराळें शिकूं?"

प्रश्न सोयीचा होता, आणि आम्हींहि त्याला सोयीचेंच उत्तर दिलें. "एकच धर," आम्ही म्हणालों, "हात एकदांच वळवावा लागेल." परंतु पुढें तिच्याच घरांत एक गोष्ट अशी घडली कीं, आपण उत्तर देण्यांत घाई केली असें आम्हांस वाटूं लागलें. लघुलिपीची निवड हा केवळ वेगाचा हिशेब नसून त्यांत नीतीचाहि एक प्रश्न दडलेला आहे, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें. तो प्रश्न वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

लघुलिपि ही कांहीं आजची वस्तु नव्हे. सिसरोचा मुक्त झालेला गुलाम टायरो याच्या नांवावर असलेलीं संक्षेपचिन्हें युरोपांत शेंकडों वर्षें चालत होतीं. आधुनिक काळांत इंग्लंडांतील आयझॅक पिटमन यानें सन १८३७ सालीं जी पद्धति प्रसिद्ध केली, तिचें वैशिष्ट्य हें कीं ती शब्दाचें स्पेलिंग सोडून त्याचा ध्वनि लिहिते. बारीक रेघ काढली तर प, तीच दाबून जाड केली कीं ब. स्वर मागाहून टिंबांनीं व लहान रेघांनीं द्यावे, आणि घाई असेल तर मुळींच देऊं नयेत. पुढें सन १८८८ सालीं जॉन रॉबर्ट ग्रेग यानें दुसरा मार्ग काढला. त्यानें जाडबारीकपणा टाकून दिला, जोडीच्या व्यंजनांचा भेद रेघेच्या लांबीवर ठेवला, आणि स्वरांस लहानमोठीं वर्तुळें व आंकडे देऊन ते शब्दाच्या ओघांतच गुंफले. आपल्याकडे शिकविल्या जाणाऱ्या बहुतेक पद्धतींचें मूळ पिटमनच्या रेघांतच सांपडतें.

ध्वनि लिहिणारी लिपि कोणा एका भाषेची दासी नसते, हा या मंडळींचा मोठा युक्तिवाद. आणि तो पोकळ नाहीं. कॅनडांतील काम्लूप्स गांवीं ल ज्यून नांवाच्या एका फ्रेंच पाद्रीनें सन १८९१ पासून एक वर्तमानपत्र चालविलें. एमिल द्युप्लॉये यानें फ्रेंच भाषेसाठीं बसविलेली लघुलिपि त्यानें तेथील आदिवासींच्या बाजारबोलीस लाविली, आणि ज्यांस पूर्वीं कोणतेंच लेखन ठाऊक नव्हतें अशीं माणसें त्या चिन्हांनीं वाचूंलिहूं लागलीं. एका भाषेसाठीं निघालेली लिपि दुसऱ्या भाषेला अशी फळली. तेव्हां ज्याला तीन भाषांत वावरावयाचें आहे त्यानें एकच पद्धति धरावी, म्हणजे बोटांची संवय मोडत नाहीं व वर्षांचा अभ्यास वांटला जात नाहीं, या म्हणण्यांत वजन आहे.

यांतून आणखी एक निष्कर्ष निघतो, आणि खरी अडचण तेथें आहे. लिपि जर ध्वनीचीच, तर जी भाषा आपणांस समजत नाहीं तीहि आपण बिनचूक उतरून घेऊं शकूं! कानानें ऐकावें, हातानें लिहावें. मधल्या बुद्धीचें काम काय? आपल्या पुराणांत लघुलेखनाचा जो पहिला करार वर्णिला आहे, त्यांत मात्र नेमकी याच्या उलट अट आहे. महाभारत सांगतांना व्यासांनीं थांबूं नये, ही गणपतीची अट. आणि अर्थ समजल्याशिवाय गणपतीनें एकहि श्लोक लिहूं नये, ही व्यासांची. लेखकानें वेग मागितला, वक्त्यानें समज मागितली. कथा ऐतिहासिक असो वा नसो, बोलणारा व लिहून घेणारा यांच्या नात्याचें मर्म तिच्यांत आलें आहे. बोलणारा आपला शब्द दुसऱ्याच्या हातीं ठेवतो. ती ठेव आहे. आणि ठेव सांभाळणाऱ्याचें पहिलें कर्तव्य हें कीं, आपण काय सांभाळीत आहों हें त्यानें जाणावें.

आतां एका भाषेची लघुलिपि दुसऱ्या भाषेस लावली म्हणजे काय होतें तें पाहूं. इंग्रजीस प व ब एवढा भेद पुरतो. मराठीस प, फ, ब, भ असे चार लागतात. पळ आणि फळ, दर आणि धर, गर आणि घर यांत फरक आहे तो केवळ महाप्राणाचा. मन आणि मण, वेल आणि वेळ, काल आणि काळ यांतहि आम्ही ज्या ध्वनींवर अर्थ तोलतों ते ध्वनि इंग्रज कानाला ओळखीचे नाहींत. यासाठीं अधिक खुणा योजतां येतात व योजल्याहि गेल्या आहेत; हा दोष भरून निघण्याजोगा आहे.

त्याहून सूक्ष्म दोष स्वरांचा. इंग्रजींत 'वेंट' म्हटलें कीं पुरुष गेला कीं स्त्री गेली, एक गेला कीं अनेक गेले, हें त्या क्रियापदांत नसतेंच. तें वाक्याच्या आरंभीं येऊन गेलेलें असतें. म्हणून शेवटचे स्वर गाळणारी पद्धति इंग्रजीचें फारसें कांहीं गमावीत नाहीं. मराठींत गेला, गेली, गेले, गेलो या चारहि रूपांत व्यंजनें दोनच, ग आणि ल. लिंग, वचन व पुरुष हे सारे त्या शेवटच्या स्वरावर बसलेले. हिंदींत तर 'गई' आणि 'गए' यांत स्वर काढला कीं एकटा ग उरतो. ग्रेगच्या पद्धतींत स्वर ओघांतच येत असल्यामुळें आकार व ओकार वांचतात. परंतु ई आणि ए यांस तेथें एकच लहान वर्तुळ आहे. भेदासाठीं खूण देण्याची सोय आहे खरी, पण मिनिटाला शंभर शब्दांच्या घाईंत ती देणार कोण? तात्पर्य, प्रत्येक लघुलिपि कांहीं तरी विसरते. विसरल्यावांचून वेग येत नाहीं. पण काय विसरावें हें तिनें आपल्या जन्मभाषेस विचारून ठरविलेलें असतें. ती आपण परक्या भाषेस लावतों तेव्हां त्या भाषेस न विचारतां तिच्या वतीनें विसरतों.

ही गोष्ट आमच्याकडील विद्वानांच्या ध्यानांत आली नव्हती असें नाहीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून सन १९६१ सालीं एस. व्ही. भागवत यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला, त्याचा विषयच मराठींतील ध्वनींची वारंवारता व शीघ्रलिपि बसविण्याशीं तिचा संबंध हा होता. डॉ. अ. मा. घाटगे यांनीं सन १९६४ सालीं हिंदीच्या ध्वनींची व रूपांची अशीच मोजदाद प्रसिद्ध केली. जो ध्वनि वारंवार येतो त्यास हाताला सोपी अशी रेघ द्यावी, जो क्वचित् येतो त्यास अवघड दिली तरी चालेल, हें यामागील तत्त्व आहे. त्याचा नैतिक अर्थ इतकाच कीं, लिपि बसविण्याआधीं त्या भाषेचें ऐकून घ्यावें.

तर मग प्रत्येक भाषेस स्वतंत्र लिपि असावी काय? हा पक्ष ऐकावयास न्याय्य वाटतो. पण आमच्या जिन्यावर तो टिकत नाहीं. आमचें बोलणें एका भाषेंत सुरू होऊन दुसरींत वळसा घेतें व तिसरींत संपतें. कचेरीचा अधिकारी मजकूर सांगतांना 'सदर प्रपोजल फॉरवर्ड करण्यांत यावें' असें एका श्वासांत सांगतो. अशा वाक्याच्या मध्येंच लेखकानें चिन्हांची एक पेटी मिटून दुसरी उघडावी, ही अपेक्षा व्यर्थ आहे. शिवाय दोन पद्धतींत एकच रेघ निरनिराळ्या ध्वनींची असली तर मागाहून वाचतांना घोटाळा ठरलेलाच. शुद्धतेच्या हट्टापायीं बोलणाराचें वाक्यच निसटलें, तर तेंहि ठेवीचा अपहार केल्यासारखेंच झालें.

येथवर आमचा विचार आला असतां ती गोष्ट घडली. त्या मुलीचे आजोबा मुंबईच्या एका कचेरींत लघुलेखक होते. त्यांना जाऊन बरींच वर्षें झालीं. घराला रंग देतांना माळ्यावरून त्यांच्या वह्यांचा एक गठ्ठा निघाला. ते इंग्रजी लघुलेखन शिकलेले होते, आणि घरचीं टिपणें त्याच चिन्हांनीं मराठींत करीत. त्याच सुमारास गांवच्या घराची वांटणी निघाली होती. आजोबांनीं धाकट्या भावास एकदां पांच हजार रुपये उसने दिले होते. ते फिटले कीं नाहींत यावर दोन्ही घरांचें एकमत नव्हतें. एका पानावर त्या भावाच्या नांवाचें आद्याक्षर, पांच हजारांचा आंकडा, व पुढें एक चिन्ह होतें: द आणि ल. मुलीनें तें तत्काळ वाचलें, आणि वाचून ती थबकली. हें 'दिले' असेल, किंवा 'देईल' असेल. ऋण फिटलें असेल, किंवा उरलें असेल. पिटमनच्या पद्धतींत चिन्ह ओळीवर आहे कीं ओळीस छेदून आहे यावरून स्वराचा अदमास लागतो. पण आजोबांच्या वहीला रेघाच नव्हत्या!

आजोबांस तो शब्द लिहितांना कसलाच संशय नव्हता. त्यांना सारें ठाऊक होतें. म्हणूनच त्यांनीं स्वर दिला नाहीं. स्वतःसाठीं लिहिणारा मनुष्य आपल्या स्मरणशक्तीला लिपीचा भाग समजतो, आणि तो गेला म्हणजे त्या लिपीचा तेवढा भाग त्याच्याबरोबर जातो. सॅम्युएल पीप्सची सतराव्या शतकांतील रोजनिशी अशीच लघुलिपींत होती. ती उलगडण्यास जॉन स्मिथ नांवाच्या तरुणास सन १८१९ पासून सुमारें तीन वर्षें लागलीं, आणि गंमत ही कीं त्या लिपीची किल्ली पीप्सच्याच ग्रंथसंग्रहांत होती. तत्त्वज्ञ हुसर्ल यांच्या मृत्यूनंतर सन १९३८ मध्यें जर्मनींतून सुमारें चाळीस हजार पानें बेल्जमांत नेऊन वांचविण्यांत आलीं. तीं गाबेल्सबर्गरच्या लघुलिपींत असल्यामुळें आधीं वाचण्याचेंच काम पिढ्यांचें होऊन बसलें. आमच्याकडे महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपींत कुलुपबंद होते. इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्यांनीं ती फोडली तेव्हां प्राचीन मराठीचें तें भांडार बाहेरच्यांस दिसलें. कुलूप घालण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. पण हेतुपुरस्सर घातलेलें कुलूप वेगळें, आणि किल्ली ठेवावयास विसरल्यामुळें लागलेलें कुलूप वेगळें.

मग आम्हांस मोडीची आठवण झाली. परंपरा जिचें जनकत्व हेमाडपंताकडे देते ती मोडी म्हणजे आपली शीघ्रलिपीच होय. शिरोरेघ आधींच ओढून घ्यावयाची आणि बोरू शक्य तों न उचलतां तिच्याखालीं लिहीत जावयाचें. मराठीखेरीज इतर भाषांचाहि मजकूर तिच्यांत लिहिला गेलेला आहे. तिनेंहि कांहीं विसरावयाचें ठरविलें: इकार-उकारांचें ऱ्हस्वदीर्घ. परंतु मराठी वाक्याचा अर्थ त्यावर क्वचितच अडतो. 'दिले' कीं 'देईल' हा भेद मोडी विसरत नाहीं. जें भाषेस परवडेल तेंच तिनें सोडलें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, आमच्या पूर्वजांनीं एकाच भाषेस दोन लिपि ठेविल्या होत्या: हिशेब, पत्रें व दप्तर यांस मोडी, पोथीस बाळबोध. लिपि निवडतांना 'भाषा कोणती' यापेक्षां 'हें वाचणार कोण' हा प्रश्न त्यांनीं आधीं विचारला. त्या मोडीचेंहि शिक्षण विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून गेलें, आणि आज ती सहज वाचणारे थोडे उरले, ही निराळी खंत.

आमच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथें सांपडलें. 'वाचणार कोण' या कसोटीनें पाहिलें तर लघुलेखनाचे दोन प्रकार पडतात. एक स्वतःसाठीं, दुसरें दुसऱ्याच्या वतीनें. स्वतःच्या टिपणांस कोणी कोणतीहि एक पद्धति सर्व भाषांकरितां वापरावी. चूक झाली तर तिचें फळ आपणच भोगूं, निदान तसें आपण समजतों. पण दुसऱ्याचा शब्द उतरून घेतांना ही मोकळीक नाहीं. सन १९१६ मध्यें बेळगांव व अहमदनगर येथें लोकमान्य टिळकांनीं स्वराज्यावर दिलेल्या मराठी व्याख्यानांवरून त्यांच्याकडे वीस हजारांचा जातमुचलका व दहा दहा हजारांचे दोन जामीन मागण्यांत आले. न्यायासनापुढें आलीं तीं कांहीं व्याख्यानें नव्हेत. आला तो त्यांचा लिहून घेतलेला वृत्तांत व त्याचें इंग्रजी भाषांतर. मुंबईच्या उच्च न्यायालयानें नोव्हेंबरांत तो हुकूम रद्द केला, तेव्हां भाषण समग्र वाचावें, सुट्या शब्दांवर अडून बसूं नये, अशी दृष्टि न्यायमूर्ति बॅचलर यांनीं ठेविली होती. समग्र वाचावयास समग्र लिहिलेलें पाहिजे, हें ओघानेंच आलें.

याची दुसरी व उजळ बाजू सन १९३२ च्या धुळें तुरुंगांत दिसते. विनोबांनीं तेथें गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनें केलीं, व साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. गुरुजी कांहीं पेशानें लघुलेखक नव्हते, शिक्षक होते. पण व्यासांची अट त्यांनीं पुरी पाळली. जें लिहिलें तें समजून लिहिलें. तें पुस्तक पुढें अनेक भाषांत गेलें.

कोणी म्हणेल, आतां ध्वनिमुद्रण आहे, बोललेलें आपोआप लिहून देणारीं यंत्रें आहेत, मग ही चर्चा कशाला? आमचें म्हणणें असें कीं, प्रश्न सुटला नाहीं, फक्त लेखणीवरून यंत्राकडे सरकला. अशा यंत्रालाहि कोणत्या तरी भाषेंतूनच ऐकावयास शिकविलेलें असतें. ज्या भाषेचें त्यानें थोडें ऐकलें तिचे ध्वनि तें ओळखीच्या भाषेच्या सांच्यांत ओततें, आणि तें इतक्या ठामपणें कीं संशयाला जागाच ठेवीत नाहीं. आजोबांच्या दोन रेघांनीं निदान आपली संदिग्धता लपविली नाहीं.

शेवटीं त्या मुलीस आम्हीं आमचें पहिलें उत्तर दुरुस्त करून दिलें. एकच पद्धति धर, कारण तुझ्या जिभेवर तिन्ही भाषा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. पण प्रत्येक भाषेचें मर्मस्थान जाणून घे, आणि तेथें वेगासाठीं हात आंखडूं नकोस: मराठी व हिंदी क्रियापदाचा शेवटचा स्वर देत जा, महाप्राणाची खूण गाळूं नकोस. दहा शब्द कमी झाले तर होवोत. जें समजलें नाहीं तेथें जागा सोड व विचारून घे. अंदाजानें भरूं नकोस. दुसऱ्याचा शब्द स्मरण ताजें आहे तोंच बाळबोधींत उतर. आणि वहीच्या पहिल्या पानावर आपल्या चिन्हांची किल्ली लिहून ठेव.

त्या पांच हजारांचें काय झालें, हें वाचक विचारतीलच. मुलीचें म्हणणें, चिन्हाचे दोन्ही अर्थ दोन्ही घरांस सांगावे. तिच्या आईनें तें ऐकून घेतलें, आणि ती म्हणाली, "सांगायचें तर दोन्ही सांगूं. पण आपण 'दिले' असेंच वाचूं. ज्यांनीं लिहिलें ते आतां विचारायला नाहींत. त्यांच्या अर्ध्या शब्दावरून त्यांच्याच भावाला ऋणको ठरवायचें, हें त्यांना आवडलें नसतें." त्याप्रमाणें तिनें धाकट्या घरीं जाऊन सांगितलें. हा अर्थ खरा कीं खोटा, हें आतां कोणी सांगूं शकणार नाहीं. पण संदिग्ध शब्दाचें ओझें बोलणाराच्या किंवा ज्याच्याविषयीं तो बोलला त्याच्या डोक्यावर न घालतां वाचणारानें आपल्या डोक्यावर घ्यावें, हा न्याय आम्हांस पटला. वांटणीचे कागद झाले त्या दिवशीं ती वही आईनें पुन्हां गठ्ठ्यांत बांधून ठेविली, आणि मुलीनें त्या पानाशीं एक चिठ्ठी घातली. चिठ्ठीवर दोन्ही वाचनें स्वच्छ बाळबोधींत लिहिलेलीं आहेत.